वळण रस्त्याला की माणसाला?

आमच्या शाळेच्या दरवाजासमोरून जाणारा रस्ता दोन वर्षांपूर्वी रुंद व गुळगुळीत झाला. रस्ता सुधारला याचा आम्हांस आनंद वाटला. परंतु तो फार काळ टिकला नाही. पूर्वी खड्डे चुकवीत सावकाश जाणारी वाहने आता वाऱ्याच्या वेगाने धावू लागली आणि शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडणे हे एक दिव्यच होऊन बसले. तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांनी एक अर्ज लिहिला, त्याखाली सह्या गोळा केल्या आणि येथे गतिरोधक व्हावा अशी मागणी केली. मागणी मान्य झाली. एका रात्रीत डांबराचा ओबडधोबड उंचवटा रस्त्यावर आडवा पडला. त्यावर पांढरे पट्टे नव्हते, अलीकडे पाटी नव्हती आणि जवळचा दिवाही बंद होता. पुढच्याच आठवड्यात एका पावसाळी संध्याकाळी शिकवणीहून परतणारा आमच्याच शाळेतील सातवीचा एक विद्यार्थी सायकलीसह त्यावरून उलटला व त्याचा उजवा हात मोडला. अर्जावरील सह्यांत त्याचीही सही होती.

ही हकीकत कोणास दोष देण्यासाठी सांगितलेली नाही. दोष असेलच तर त्यात आमचाही वाटा आहे. कारण गतिरोधक हवा एवढेच आम्ही लिहिले, तो कसा हवा हे लिहिले नाही. त्या मुलाचा हात यथावकाश बरा झाला. परंतु आमच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. वाहनांना आवर घालण्यासाठी रस्त्याची घडणच नेहमीपेक्षा निराळी करावी, म्हणजे उंचवटे घालावेत, वाकणे द्यावीत, तोंडे अरुंद करावीत, चौकात वर्तुळे बांधावीत, हा मार्ग खरोखर सुरक्षित आहे काय? की रस्ते सरळ ठेवून चालविणाऱ्यालाच सरळ करावे? वळण लावायचे ते रस्त्याला की माणसाला?

प्रथम एक लहानसे गणित करून पाहू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे ८.३ मीटर अंतर तोडते आणि ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी सुमारे १३.९ मीटर. समोर मूल धावत आले हे दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत चालकाचा एक सेकंद जातो असे धरू. रस्ता कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत आणि ते लागल्यावर दर सेकंदास वेग ७ मीटरांनी घटतो असेही धरू. पहिली मोटार सुमारे १३ मीटरांत पूर्ण थांबते. दुसरी मोटार तेच १३ मीटर ओलांडते तेव्हा तिच्या चालकाचा पाय अद्याप ब्रेकवर पडलेलाही नसतो. तिला थांबण्यास सुमारे २८ मीटर लागतात. म्हणजे जेथे पहिली गाडी मुलाच्या पुढ्यात येऊन थांबली असती, तेथे दुसरी त्याला पूर्ण वेगाने धडकते. शिवाय आघाताची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तो तडाखा ताशी ३० च्या तडाख्याहून सुमारे पावणेतीन पट असतो. विज्ञानाच्या पुस्तकातील हे सूत्र आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. त्याचा खरा अर्थ शाळेच्या दरवाजात उभे राहिल्यावर कळला.

आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर ४,६१,३१२ अपघातांची नोंद झाली आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली. दिवसाला सरासरी ४६२ माणसे! सरकारी अहवालानुसार यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यूंचे कारण अतिवेग हे आहे. तेव्हा वेगाला आवर घातलाच पाहिजे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. मतभेद आहे तो उपायाविषयी.

कोणी म्हणेल, “माणसांना शिस्त लावा, रस्ते वेडेवाकडे कशाला करता?” हे म्हणणे ऐकावयास गोड आहे. परंतु शिस्त ही सर्वांना एकाच वेळी येत नाही, आणि रस्त्यावरील शंभरांतील नव्याण्णव माणसे शहाणी असली तरी शंभरावा एक पुरेसा असतो. शिवाय प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी चोवीस तास पोलीस उभा करणे कोणत्याही राज्यास शक्य नाही. उलट रस्ता चालकाशी अष्टौप्रहर बोलत असतो. रुंद, सरळ व मोकळा रस्ता त्याला “चल, पुढे हो” असे म्हणतो. मग बाजूच्या पाटीवर ‘सावकाश जा’ असे शंभर वेळा का लिहिलेले असेना! पाटी एक सांगते व रस्ता दुसरेच सांगतो, तेव्हा माणूस बहुधा रस्त्याचेच ऐकतो.

हे ओळखून रस्त्यालाच बोलावयास लावणारे लोक फार पूर्वीपासून होऊन गेले. आर्थर कॉम्प्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाचे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. १९२७ साली त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हाच कॉम्प्टन पुढे सेंट लुई येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. विद्यापीठाच्या इमारतीसमोरून मोटारी भरधाव जातात हे पाहून १९५३ साली त्याने वेग रोखणाऱ्या उंचवट्यांची आखणी केली. क्ष-किरणांचा अभ्यास करणाऱ्या थोर पुरुषाला रस्त्यावरील उंचवट्याचा विचार करणे कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण आपल्याकडे हा विचार फार थोडे लोक करतात. भारतीय रस्ते परिषदेने १९८८ साली गतिरोधकाचे माप घालून दिले आहे. त्यानुसार तो ३.७ मीटर रुंद व मधोमध केवळ १० सेंटिमीटर उंच असा सौम्य गोलाईचा असावा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने जाणारे वाहन त्यावरून सुखाने जाते आणि त्याहून वेगाने जाणाऱ्यास धक्का बसतो. त्यावर पट्टे असावेत व ४० मीटर आधी इशाऱ्याची पाटी असावी, असेही तेथे सांगितले आहे. आमच्या दारातील उंचवटा आम्ही दोरी व पट्टी घेऊन मोजला. त्याची उंची मापापेक्षा बरीच अधिक होती आणि रुंदी मापाच्या पाव हिश्श्याचीही नव्हती. असा उंचवटा सावकाश जाणाऱ्या सायकलस्वारालाही शिक्षा करतो. तो गतिरोधक नसून रस्त्यात घातलेला अडसर होय. येथे औषधच रोगापेक्षा भयंकर झाले!

आता परदेशातील एका मोठ्या प्रयोगाकडे वळू. हॉलंड हा आज सायकलींचा देश म्हणून प्रसिद्ध असला, तरी एके काळी तेथेही मोटारींनी कहर केला होता. १९७१ या एका वर्षात तेथे रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मरण पावली आणि त्यांत ४०० हून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांची हत्या थांबवा’ हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. त्याच सुमारास डेल्फ्ट या गावात काही गल्ल्यांची घडण बदलण्यात आली होती. पदपथ व रस्ता यांमधील पायरी काढून टाकली, वाटेत झाडे लावली, बाके ठेवली, वाट मुद्दाम नागमोडी केली. मोटारीला मज्जाव नव्हता. पण तिने पाहुण्यासारखे, पायी चालणाऱ्याच्या चालीने यावे असा नियम होता. १९७६ साली या गल्ल्यांना तेथे कायद्याची मान्यता मिळाली. त्यांचे जे डच नाव आहे त्याचा अर्थ ‘राहते अंगण’ असा होतो. हे वाचताना आमच्या वडोदऱ्यातील जुन्या पोळांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. तोंडाशी दरवाजा, आत वाकडी व अरुंद वाट, ओट्यांवर बसलेली वडीलधारी मंडळी आणि मध्येच चाललेला मुलांचा खेळ! तेथे भरधाव जाण्याची सोयच नाही; आणि कोणी तसे गेलाच तर ओट्यावरून एखाद्या आजी त्याला नावानिशी हाक मारून थांबवितात.

याच देशातील हान्स मॉन्डरमन या अभियंत्याने तर त्यापुढे पाऊल टाकले. गावातून जाणारा रस्ता गावासारखा दिसला की माणसे गावात वागावे तशी वागतात, असा त्याचा सिद्धांत होता. १९८० नंतरच्या दशकात फ्रीसलंड प्रांतातील एका खेड्यात त्याने पाट्या व पट्टे काढून टाकून रस्त्याला गल्लीचे रूप दिले, तेव्हा मोटारींचा वेग लक्षणीय उतरला. पुढे द्राख्तन या गावातील एका गजबजलेल्या चौकातून त्याने सिग्नलच काढून टाकले आणि तेथे कारंज्यांचे एक खुले मैदान व वर्तुळ केले. दिवसाकाठी वीस हजारांच्या आसपास वाहने तेथून जात. अपघात वाढतील ही भीती खोटी ठरली. ते घटले आणि वाहनांचा खोळंबाही कमी झाला. मौज अशी की, विचारणा केली असता तेथील लोकांनी आपल्याला पूर्वीपेक्षा असुरक्षित वाटते असे सांगितले. मॉन्डरमनला यात वावगे काहीच वाटले नाही. मन किंचित धास्तावलेले असले म्हणजेच डोळे उघडे राहतात, असे त्याचे म्हणणे. पाहुण्यांना तो चौक दाखविताना तो बोलत बोलत पाठमोरा रस्त्यात चालत जाई आणि मोटारी त्याला वळसा घालून जात.

येथपर्यंत वाचून कोणासही वाटेल की, सर्व सिग्नल व पाट्या उपटून टाकाव्यात म्हणजे झाले. परंतु येथेच सावध व्हावयास हवे. ज्याला दिसते तो मोटारचालकाच्या डोळ्यास डोळा भिडवू शकतो. ज्याला दिसत नाही त्याने काय करावे? ब्रिटनमध्ये अशा समतल रस्त्यांची लाट आली तेव्हा हाच प्रश्न अंध नागरिकांनी विचारला. पांढऱ्या काठीला लागणारी पदपथाची कड हीच त्यांची लक्ष्मणरेषा. ती पुसून टाकल्यावर आपण कोठे उभे आहोत हे त्यांना कळेना. लॉर्ड होम्स या अंध खासदाराने २०१५ साली याविषयी एक कठोर अहवाल प्रसिद्ध केला आणि २०१८ साली ब्रिटिश सरकारने वर्दळीच्या ठिकाणी असे नवे समतल रस्ते करणे तूर्त थांबवावे अशी सूचना स्थानिक मंडळांना दिली. मॉन्डरमनची पाठमोरी चाल पाहून टाळ्या वाजविताना त्या रस्त्याच्या कडेला काठी टेकीत उभा असलेला माणूस आपण विसरतो. जी सुरक्षितता धडधाकट माणसालाच मिळते तिला आम्ही सुरक्षितता म्हणणार नाही.

दुसरा धोका सवयीचा आहे. ‘नव्याचे नऊ दिवस’ ही आपली म्हण रस्त्यालाही लागू पडते. स्वीडनमध्ये ३ सप्टेंबर १९६७ रोजी सर्व देशाची वाहतूक एका पहाटे डावीकडून उजवीकडे वळविण्यात आली. अनर्थ होईल असे पुष्कळांना वाटले होते. घडले उलटेच. जो तो जपून चालू लागला आणि अपघात कमी झाले. पण ही सावधगिरी नवलाईची होती. दोन वर्षांच्या आत, लोक सरावल्यावर, अपघात पुन्हा पूर्वीच्या मानावर आले. २०१६ च्या सुमारास अहमदाबादेत मायलेकी असलेल्या दोन चित्रकर्त्यांनी रस्त्यावर असे पट्टे रंगविले की, ते दुरून हवेत तरंगणाऱ्या ठोकळ्यांसारखे दिसावेत. कल्पना सुंदर होती. परंतु जो चालक त्याच रस्त्याने रोज जातो त्याला चौथ्या दिवशी ठाऊक असते की हे ठोकळे नसून रंग आहे. आणि जो प्रथमच येतो तो दचकून एकाएकी ब्रेक मारील तर मागच्या दुचाकीने काय करावे? भय दाखवून साधलेला संयम भय गेले की जातो. वाकण, उंचवटा, अरुंद तोंड यांचा परिणाम मात्र सवयीने नाहीसा होत नाही. कारण ते मनाला फसवीत नाहीत, चाकालाच अडवितात.

मग निराळी घडण चांगली की वाईट? याचे उत्तर आम्हांस इंग्लंडमधील स्विंडन गावच्या एका चमत्कारिक चौकाने दिले. १९७२ साली बांधलेल्या या चौकात पाच लहान वर्तुळे एका मोठ्या वर्तुळाभोवती मांडली आहेत आणि आतल्या वर्तुळातून वाहने उलट दिशेने फिरतात. नकाशा पाहिला तर डोके गरगरते. आरंभी तर प्रत्येक लहान वर्तुळापाशी पोलीस उभा केला होता. तरीही हा चौक सुरळीत चालला. का? कारण घडण नवी असली तरी नियम जुनाच होता. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे हा वर्तुळाचा नियम ब्रिटनमध्ये १९६६ पासून रूढ होता. स्विंडनमध्ये तो पाच वेळा पाळावयाचा, एवढाच फरक.

साध्या वर्तुळाचेही तेच. चार रस्ते जेथे एकमेकांस छेदतात तेथे वाहनांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींच्या आड येतात. तेथेच एकेरी पट्ट्याचे वर्तुळ केले तर अशी ठिकाणे केवळ ८ उरतात आणि समोरासमोरची धडक जवळजवळ अशक्य होते. अमेरिकेत चोवीस चौकांची वर्तुळे केल्यावर माणसे जखमी होण्याचे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशांनी घटले, असे या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मात्र हे फळ नुसत्या दगडी गोलाचे नाही. वर्तुळात फिरणाऱ्यास आधी जाऊ द्यावे हा नियम आपल्याकडेही आहे. पण आपल्या चौकांत ज्याचा भोंगा मोठा तो आधी! नियम कोणी पाळीत नसेल तर वर्तुळ हे चौकाच्या मध्यावरचे नुसते शोभेचे तबक होऊन बसते.

यावरून आम्ही पुढील निष्कर्षास आलो आहो. रस्त्याची घडण निराळी असण्यात धोका नाही. ती दुर्बोध असण्यात धोका आहे. चालकाला दुरूनच दिसले पाहिजे, एका दृष्टिक्षेपात समजले पाहिजे, आणि काय करावयाचे याविषयी दोघांचे दोन अर्थ होता कामा नयेत. निराळेपणा हा वेगाला अडविणारा असावा, माणसाला फसविणारा नसावा. ज्या रस्त्याने अंध, वृद्ध व सायकलवरील मूल निर्भयपणे जाऊ शकते तोच रस्ता शहाणा. आणि प्रत्येक उपायाला त्याचे स्थान असते. गल्लीचे औषध हमरस्त्याला देऊ नये. भरधाव महामार्गावर अवचित उंचवटा घालणे म्हणजे अपघाताला आमंत्रण देणे होय. आणि शाळेच्या दारात महामार्गासारखा सपाट रस्ता करणे हेही तसेच.

शिस्तीच्या बाजूने बोलणाऱ्या मित्रांनाही आम्ही पूर्णतः चुकीचे मानीत नाही. रस्त्याची घडण ही पायरी आहे, शिखर नव्हे. आमच्या उंचवट्याच्या कडेला एक हातभर सपाट जागा राहिली होती. दुचाकीस्वार वेग कमी न करता त्या फटीतून निघून जातात, हे आम्ही रोज पाहतो. आणि ती फट नेमकी आमच्या पायी चालण्याच्या वाटेवर आहे. त्या स्वारांत आमच्या शाळेत मुलांना सोडावयास येणारे पालकही असतात, हे लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिणे भाग आहे. स्वतःच्या मुलाला वेळेवर पोहोचविण्यासाठी दुसऱ्याच्या मुलाला घाबरवून सोडण्याचा अधिकार कोणास नाही.

अपघातानंतरच्या रविवारी आम्ही काही विद्यार्थी व शिपाईकाका चुन्याची बादली व केरसुणी घेऊन गेलो आणि त्या उंचवट्यावर पांढरे पट्टे ओढले. हात मोडलेला आमचा तो मित्रही गळ्यात झोळी घालून आला होता. पट्टे सरळ येतात की नाही हे तो पदपथावरून सांगत होता. पहिल्याच मोठ्या पावसाने तो चुना वाहून गेला. तेव्हा आम्ही नवा अर्ज लिहिला. या वेळी त्यात केवळ मागणी नव्हती. गतिरोधकाचे योग्य माप होते, पाटी कोठे असावी हे होते, दिव्याची व कडेची फट बुजविण्याची विनंती होती आणि शेजारच्या अंधशाळेतील मित्रांना विचारून, पदपथाची कड तोडू नये असेही एक कलम घातले होते. अर्जाचे उत्तर हा लेख छापावयास जाईपर्यंत आलेले नाही. आम्ही पुन्हा लिहू.

वळण रस्त्याला की माणसाला, असा प्रश्न आम्ही आरंभी विचारला. आता वाटते, तो प्रश्नच अर्धा होता. रस्त्याला चांगले वळण दिले म्हणजे माणसाला वळण लागण्यास मदत होते; परंतु रस्त्याला ते वळण द्यावयास आधी वळण असलेली, मोजून मापून व दुसऱ्याचा विचार करून काम करणारी माणसे लागतात. अर्ज लिहिणाऱ्यांनीही तसेच असले पाहिजे. हा धडा आम्ही एका मोडलेल्या हाताच्या किमतीला शिकलो. आमच्या मागून येणाऱ्यांस तो फुकट मिळावा, एवढीच इच्छा.